वर्गणीची पावती, मेसचं कूपन, गॅदरिंगचं कार्ड: नागपूरच्या कॉलेजांतले सुटे कागद कसे जपावे आणि कसे वाचावे

कॉलेजचा इतिहास लिहायला बसलेली समिती आधी स्मरणिका मागवते, मग वार्षिक अंक, मग प्राचार्यांचे फोटो. हे सगळं कुठे ना कुठे सापडतंच, कारण ते जपून ठेवण्यासाठीच छापलेलं असतं. पण गडचिरोलीहून, वर्ध्याहून, बालाघाटहून आलेली, एकमेकांना न ओळखणारी मुलं-मुली एका आवारात ‘आपण’ म्हणायला कशी लागली, हे त्या पानांवर क्वचितच दिसतं. ते दिसतं वर्गणीच्या पावतीपुस्तकात, मेस कमिटीच्या नोटिशीत, सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकात, एकांकिकेच्या तालमीच्या वेळापत्रकात. हे कागद एका संध्याकाळपुरते असतात आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात.

नागपुरात अशा कागदांच्या किती पिढ्या होऊन गेल्या असतील याचा अंदाज घ्या. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं, विद्यापीठ १९२३ चं, एल.आय.टी. (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) १९४२ ची, मेडिकल कॉलेज १९४७ चं, व्ही.आर.सी.ई. (विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय) १९६० ची. माजी विद्यार्थी संघ, कॉलेजचे ग्रंथपाल किंवा घरच्या माळ्यावर जुनी ट्रंक असलेले कुणीही हे काम सुरू करू शकतात.

काय मागायचं आणि कधी

‘जुनं साहित्य असल्यास द्यावे’ असं आवाहन केलं की स्मरणिकाच येतात. लोकांच्या मते बाकीचं ‘काहीच नसतं’. म्हणून वस्तूंची नावं घेऊन मागा: ओळखपत्र, लायब्ररी कार्ड, मेसचं कूपन आणि महिन्याचं बिल, होस्टेलचा गेट पास, गॅदरिंगचं कार्ड, फिशपाँडच्या आणि शेलापागोट्यांच्या (नाव घेऊन केलेल्या थट्टेच्या) चिठ्ठ्या, जी.एस. (सरचिटणीस) आणि यू.आर.च्या (विद्यापीठ प्रतिनिधीच्या) निवडणुकीची पत्रकं, भित्तिपत्रिकेची पानं, सहलीचा हिशोब, एन.सी.सी. आणि एन.एस.एस. शिबिराचा दिनक्रम, निरोप समारंभाचा ऑटोग्राफ, सिटी बसचा पास, मोर्चाचं पत्रक, स्क्रीन प्रिंटिंगचा टी-शर्ट. कुठे शोधायचं तेही सांगा. मार्कशीटच्या जुन्या फाइलमध्ये असे कागद हमखास निघतात, कारण मार्कशीट कुणी टाकत नाही आणि तिच्या मागे सरकलेलं काही पुन्हा बाहेर येत नाही.

आवाहन दिवाळीच्या महिनाभर आधी करा. घराघरांतली रद्दी दिवाळीच्या सफाईतच बाहेर पडते. होस्टेलसाठी मात्र एप्रिलचा शेवट आणि मे महत्त्वाचा. परीक्षा संपून खोल्या रिकाम्या होतात तेव्हा वॉर्डनला आणि जवळच्या रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेवा.

ज्यांनी कागद जपले ते बहुतेक पदाधिकारी असतात. जी.एस.कडे फाइल असते, डे-स्कॉलर मुलीकडे फार तर एक कार्ड. त्यामुळे नुसत्या दात्यांवर विसंबलात तर कॉलेज म्हणजे पंधरा-वीस पुढाऱ्यांचं मंडळ होतं असं चित्र तयार होईल. तोल साधायचा तर कँटीन चालवणारे, मेसचे स्वयंपाकी, निवृत्त शिपाई, बर्डी (सीताबर्डी) आणि महाल या भागांतले जुने मुद्रक, ग्रुप फोटो काढणारे स्टुडिओ यांच्याकडे मुद्दाम जा. मुद्रकाकडे प्रत्येक कामाची नमुना प्रत ठेवायची पद्धत असे. स्टुडिओचं नाव फोटोच्या पुठ्ठ्यावर खाली उमटवलेलं सापडतं.

गठ्ठा हातात आला की

तो लगेच विषयवार लावू नका. या कामात सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच. कूपनं एका पाकिटात, कार्डं दुसऱ्यात, पत्रकं तिसऱ्यात टाकली की दिसायला छान दिसतं, पण एकाच व्यक्तीच्या एका वर्षात काय काय एकत्र होतं ते कायमचं पुसलं जातं. मेसच्या बिलामागे नाटकाचे संवाद लिहिलेले असतील तर तो कागद बिलही आहे आणि तालमीचा पुरावाही. गठ्ठा आला तसा, आहे त्या क्रमात ठेवा, वरून फोटो काढा आणि त्याला एक क्रमांक द्या. उदाहरणार्थ २०२५ साली आलेला सातवा गठ्ठा म्हणजे २०२५-०७, त्यातला तिसरा कागद २०२५-०७-००३. विषयवार शोध यादीतून करता येतो, त्यासाठी कागद हलवावे लागत नाहीत.

क्रमांक २बी पेन्सिलीने, मागच्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, कागद कडक सपाट जागेवर ठेवून हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, स्टिकर नको. चकचकीत पाठीच्या रंगीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही. तिथे क्रमांक पाकिटावर लिहा आणि मगच फोटो आत घाला. भरल्या पाकिटावर लिहिलं तर अक्षराचा दाब फोटोवर उमटतो.

दात्याकडून एक पानी अर्ज त्याच बैठकीत भरून घ्या. शिकण्याची वर्षं, शाखा, होस्टेल की डे-स्कॉलर, कागद कुठे ठेवलेला होता, तो कशासाठी वापरला, त्या वेळी सोबत कोण होतं. शेवटी परवानगीच्या तीन वेगळ्या चौकटी हव्यात: संशोधकांना पाहू देणं, स्कॅन करणं, प्रसिद्ध करणं. तिन्हींना मिळून एकच सही घेतली तर पुढे वाद होतात.

साफसफाई: थोडी, आणि कोरडी

मऊ रुंद ब्रशने मधून कडेकडे झाडा. बुरशीची पांढरी किंवा काळी पूड दिसली तर तो कागद त्या खोलीत झाडायचाच नाही. पाकिटात घालून वेगळा करा, सावलीत हवेशीर जागी पूर्ण कोरडा होऊ द्या आणि मग मास्क लावून उघड्यावर झाडा. उन्हात मात्र वाळवू नका. मेच्या उन्हात न्यूजप्रिंट एका दुपारीत पिवळा पडू लागतो आणि बॉलपेनची शाई विटते.

गंजलेल्या स्टेपलरच्या पिना हा नागपूरच्या जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यातला प्रश्न आहे. पिना काढायचा चिमटा वापरला तर गंजाने कुजलेला कागद पिनेसोबत तुटून येतो. त्याऐवजी गठ्ठी उलटी करा. पिनेच्या वळलेल्या दोन पायांखाली पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवा, म्हणजे हत्यार कागदाला लागणार नाही. बोथट पातळ सुरीने आधी एक पाय सरळ उभा करा, मग दुसरा. मग गठ्ठी पालटून पिन वरून, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचलत काढा. गंजाची पूड ब्रशने झाडा. पुन्हा पिन मारू नका, दुमडलेल्या कोऱ्या कागदात पानं एकत्र ठेवा. टाचणी गंजून चिकटली असेल तर ओढण्याआधी जागच्या जागी किंचित फिरवून सैल करा.

पिवळी पडलेली सेलोटेप अजून चिकटून असेल तर तशीच राहू द्या. ओढली तर छपाईसकट निघते. वर कोरा कागद ठेवा, म्हणजे शेजारचं पान चिकटणार नाही.

गुंडाळलेली पोस्टरं उन्हाळ्यात उघडू नका. एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की घडी पडलेला जुना कागद घडीवरच तडकतो. पावसाळ्यानंतर उघडा. फारच ताठ असेल तर झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या टबात तळाशी ओला, पिळलेला टॉवेल, त्यावर जाळी, जाळीवर कागद, आणि झाकण बंद. चार ते सहा तास, पण दर तासाला पाहायचं. कागद नरम झाला की टीपकागदांच्या मध्ये, वर सपाट वजन ठेवून तीन-चार दिवस. फाउंटन पेन, पोस्टर कलर आणि रबरी शिक्क्याची जांभळी शाई असलेल्या कागदांना ही पद्धत कधीही वापरू नका. त्या शाया ओलाव्याने पसरतात, आणि ओळखपत्रांवर नेमका तोच जांभळा शिक्का असतो.

लॅमिनेशन करू नका. त्यात उष्णता आणि गोंद कायमचे कागदात जातात, मग दुरुस्तीचा मार्गच उरत नाही. किती तरी ओळखपत्रं आणि ग्रुप फोटो प्रेमापोटी लॅमिनेट होऊन वाया गेले आहेत.

ठेवायचं कशात, कुठे

आम्लमुक्त कागदाची पाकिटं आणि पेट्या वापरा. कागदावर तसा उल्लेख नसेल तर पी.एच. पेनने (आम्लता दाखवणाऱ्या पेनने) त्याच्या कोपऱ्यावर रेघ मारा: जांभळी झाली तर चालेल, पिवळी राहिली तर नको. ही चाचणी पाकिटाच्या कागदावर करायची, मूळ वस्तूवर कधीच नाही. वारंवार हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी ७५ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म घ्या. बाजारातले मऊ, वास येणारे पी.व्ही.सी.चे पाउच टाळा. झेरॉक्सची आणि लेझर प्रिंटची अक्षरं त्यांना चिकटून कागदावरून निघून येतात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटोही सुटत असतील तेवढे सोडवून घ्या, पण ओढाताण करू नका.

कपाट लोखंडी असावं, भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून अर्धा फूट वर. पश्चिमेची भिंत टाळा, ती दुपारभर तापते. सगळ्यात वरच्या मजल्यावरची, स्लॅबखालची खोलीही नको. आणि त्या खोलीत कूलर नको. बाहेर आर्द्रता पंधरा-वीस टक्के आणि कूलरच्या खोलीत सत्तर, असा रोजचा चढउतार कागदाला नुसत्या उन्हाळ्यापेक्षा जास्त छळतो, आणि कूलरसमोरच्या कपाटात बुरशी मेमध्येसुद्धा येते. साधा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ ते ५५ च्या दरम्यान असला तर उत्तम. पॅकिंगसाठी नोव्हेंबर-डिसेंबर निवडा. ऑगस्टमध्ये बंद केलेल्या पेटीत पावसाळाच बंद होतो.

कसर लागलेला गठ्ठा दोन प्लास्टिक पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि घरच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. फोटो आणि काच यांना हा उपाय नको. डांबरगोळ्यांवर विसंबू नका, त्यांनी कसरीची अंडी मरत नाहीत. वाळवीची माती दिसली तर ते काम तज्ज्ञाचं.

थर्मल कागदावरची तिकिटं आणि पास काही वर्षांत कोरे होतात. ते सगळ्यात आधी स्कॅन करा.

स्कॅनिंग

सपाट काचेचा स्कॅनर वापरा, कागद ओढून घेणारा नको. कागदपत्रं ४०० डी.पी.आय., तिकिटं आणि फोटो ६००. काळं-पांढरं असलं तरी रंगीतच स्कॅन करा, कारण शिक्का, पेन्सिल आणि छपाई यांतला फरक रंगातच कळतो. दोन्ही बाजू घ्या. मूळ फाइल टी.आय.एफ.एफ. स्वरूपात, वाटण्यासाठी जे.पी.जी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. व्हॉट्सअॅपवर फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आवर्जून सांगा, नाहीतर चित्र दाबलं जातं आणि बारीक टायपातली नावं वाचता येत नाहीत. आजच्या फेस्टची पोस्टरं मोबाइलवरच जन्मतात आणि तिथेच मरतात. प्रत्येक समितीकडून वर्षाअखेर एक फोल्डर मागून घ्या.

तारीख नसेल तर

गॅदरिंगच्या कार्डावर ‘शनिवार, दि. १२ जानेवारी’ असतं, साल नसतं. नागपूरच्या कागदांना साल लावायला काही खुणा भक्कम आहेत. पत्त्यात सी.पी. अँड बेरार (मध्य प्रांत व वऱ्हाड) असेल तर १९५० च्या आधीचा. मध्य प्रदेश असेल तर १९५० ते १९५६, मुंबई राज्य असेल तर १९५६ ते १९६०, महाराष्ट्र असेल तर १ मे १९६० नंतरचा. प्रवेशशुल्क आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचा, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. ‘नागपूर-१०’ असा नुसता विभाग क्रमांक जुना. ४४००१० असा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. व्ही.आर.सी.ई.चं व्ही.एन.आय.टी. हे नाव २००२ पासून, विद्यापीठाच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज २००५ पासून. वार आणि तारीख यांचा मेळ जुन्या कॅलेंडरवर घालून पाहिला की उरलेली दोन-तीन वर्षंही बहुतेक वेळा एकावर येतात.

एक सावधगिरी घ्यायला हवी. नवीन नाव कागद किती जुना असू शकतो याची हद्द पक्की सांगतं, जुनं नाव मात्र तसं सांगत नाही. छापून ठेवलेली लेटरहेड आणि पावतीपुस्तकं संपेपर्यंत वापरली जातात. म्हणून यादीत ‘साल’ या रकान्याशेजारी ‘कशावरून’ हा रकाना ठेवाच.

निवडणुकीची पत्रकं कायद्याच्या बदलांनी विभागली जातात. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुकांच्या जागी गुणवत्तेवर निवड आणली, आणि जी.एस.च्या उमेदवारांची छापील पत्रकं आटली. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या २००६ च्या लिंगडोह समितीने छापील प्रचाराला नकार देऊन हाताने केलेल्या पोस्टरांना मुभा ठेवली. मोर्चांची पत्रकं डिसेंबरच्या आसपास दाट सापडतात, कारण विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं आणि विद्यार्थ्यांचे मोर्चे तेव्हाच निघतात.

कागद कसा वाचायचा

सुटा कागद फार बोलत नाही. ओळीने पाच-सहा वर्षांचे एकाच प्रकारचे कागद मांडले की बोलू लागतात.

वर्गणीचं पावतीपुस्तक घ्या. दात्याला पावती गेलेली असते, पुस्तकात स्थळप्रत उरते. तिच्यावर चार गोष्टी असतात: नाव, वर्ग, रक्कम, घेणाऱ्याची सही. क्रमाने नावं उतरवून काढा. पहिल्या काही पावत्या घेणाऱ्याच्याच वर्गातल्या असतात, मग त्याच्या होस्टेलच्या विंगमधल्या, मग अचानक दुसऱ्या शाखेतली नावं सुरू होतात आणि सही बदललेली असते. तिथे दुसरा कुणी मदतीला आलेला आहे. रक्कम पाहा. सगळ्यांची सारखी असेल तर ती ठरवलेली वर्गणी, कमी-जास्त असेल तर ऐपतीप्रमाणे. मध्येच प्राध्यापकांची, कँटीनवाल्यांची, बाहेरच्या दुकानदाराची पावती येते. उत्सव कुणाकुणाचा होता ते या क्रमातून कळतं, आणि स्मरणिकेत त्यातलं काहीही नसतं. जागा कमी असेल आणि निवड करायचीच झाली, तर स्मरणिकेची तिसरी प्रत सोडा, पावतीपुस्तक सोडू नका.

गॅदरिंगच्या कार्डावर मागच्या पानावरच्या समित्या वाचा. जुन्या कार्डांत मुलींच्या नावाआधी ‘कु.’ असतं, त्यामुळे मोजणी सोपी जाते. ही नावं फक्त स्वागत आणि रांगोळी समितीत आहेत का, नाट्य आणि क्रीडा समितीत कोणत्या वर्षी दिसतात, सचिव म्हणून पहिल्यांदा कधी येतात, याचा तक्ता करा. कार्यक्रम संपण्याची वेळही पाहा. संध्याकाळी साडेसातला संपणारा कार्यक्रम बर्डीहून शेवटची बस पकडणाऱ्यांचा आणि होस्टेलचं फाटक गाठणाऱ्या मुलींचा विचार करतो. रात्री दहाला सुरू होणारा कार्यक्रम कुणाला वगळतो तेही तितकंच स्पष्ट असतं. मग जागा: आवारातला मांडव की धनवटे रंग मंदिर? बाहेरचं सभागृह म्हणजे भाडं, म्हणजे जाहिराती, म्हणजे पुन्हा पावत्या.

भाषेचीही नोंद करा. नागपूरचं आवार मराठी आणि हिंदी दोन्हींचं. ऑफिसची नोटीस इंग्रजीत, मेसची हिंदीत, नाटकाची मराठीत, असं एकाच महिन्यात दिसतं. व्ही.आर.सी.ई. ही प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी होती. तिथे निम्म्या जागा राज्यातल्या आणि निम्म्या इतर राज्यांतल्या मुलांसाठी असत. अशा ठिकाणचे मेसचे मेनू, ओणम, पोंगल किंवा दुर्गापूजेची आमंत्रणं आणि मेस कमिटीची यादी एकत्र लावून पाहा. कुणाचा सण सगळ्यांचा झाला आणि कुणाचा एका विंगपुरता राहिला, ते मेनूच्या फळ्यावरच्या उताऱ्यांतून दिसतं. १४ एप्रिलच्या जयंतीची होस्टेलमधली आमंत्रणं, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळातली, म्हणजे १९७८ ते १९९४ मधली पत्रकं हीही याच कामाचा भाग आहेत. एकोप्याचे कागद ठेवायचे आणि भांडणाचे टाकायचे असं करू नका. भांडण कशावरून झालं आणि मिटलं कसं, याच्या नोटिशी असतील तर त्या आवर्जून घ्या.

काय झाकून ठेवायचं

फिशपाँडच्या चिठ्ठ्यांत रूपावरून, जातीवरून, कुणाचं नाव कुणाशी जोडून केलेली थट्टा असते. ती व्यक्ती आज याच शहरात असू शकते. अशा चिठ्ठ्या, रॅगिंगच्या तक्रारी, शिस्तभंगाच्या नोटिशी, जातीच्या रकान्यासह शिष्यवृत्तीच्या याद्या जपायच्या, पण उघड दाखवायच्या नाहीत. बंद पाकिटावर उघडण्याचं वर्ष लिहा. साठ वर्षं पुढचं धरणं रास्त. ओळखपत्राचा स्कॅन प्रसिद्ध करताना पत्ता, सही आणि जन्मतारीख झाका. मूळ फाइलवर मात्र काहीही खोडू नका.

मेळाव्यात काम कसं करून घ्यायचं

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे बहुतेक हिवाळ्यात होतात. तिथे मूळ कागद न्यायचे नाहीत, पूर्ण आकाराच्या रंगीत प्रती न्यायच्या. ग्रुप फोटोसाठी ट्रेसिंग पेपरवर प्रत्येक चेहऱ्याची नुसती बाह्यरेषा काढा, आत क्रमांक घाला आणि शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा. चिठ्ठीवर तीन गोष्टी: चेहऱ्याचा क्रमांक, नाव, लिहिणाऱ्याचं नाव आणि बॅच. एका चेहऱ्यासाठी दोन वेगवेगळ्या बॅचच्या माणसांनी स्वतंत्रपणे तेच नाव दिलं तर ‘नक्की’, एकानेच दिलं तर ‘बहुधा’. भरलेल्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून ठेवू नका. पहिलं नाव चुकीचं असलं तरी पुढचे सगळे तेच लिहितात. त्यासाठी झाकणाचा डबा ठेवा.

फोटोत मागे उभे असलेले शिपाई, कोपऱ्यातले मेसचे मदतनीस यांनाही क्रमांक द्या. त्यांची नावं पुठ्ठ्यावर छापलेली नसतात, मात्र साठीतल्या माजी विद्यार्थ्यांना ती अजून पाठ असतात. चिठ्ठ्या त्याच रात्री यादीत चढवा आणि जिथे दोन नावं भिडली असतील तिथे दोघांनाही आठवड्याच्या आत फोन करा.